भावजयीसाठी घेतलेले चॉकलेट : लातूरच्या एका दुकानाचा अनुभव

धाकट्या भावजयीला सहावा महिना लागला आणि कडू चॉकलेटचे डोहाळे सुरू झाले, म्हणून एप्रिलमध्ये औसा रोडवरील एका घरगुती चॉकलेटच्या दुकानातून मी 70 टक्के कोकोचा 80 ग्रॅमचा बार आणि बारा नगांचा मिश्र डबा घेतला. बारबद्दल पूर्ण समाधान आहे. डब्याबद्दल मात्र तक्रार आहे.

बारच्या वेष्टनावर सर्व घटक, उत्पादनाची तारीख आणि 14 अंकी अन्न परवाना क्रमांक स्वच्छ छापलेला आहे. गरोदरपणात दिवसभरातले कॅफिन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते आणि त्यात चहा-कॉफीही धरायची असते. इतक्या कडू चॉकलेटच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 80 मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे मिळून 20 ग्रॅम भरणाऱ्या दोन तुकड्यांत ते 16 मिलिग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे तिचा दोन वेळचा चहा बंद करावा लागला नाही. बार मोडताना टक्कन आवाज येतो, तुकडा जिभेवर सावकाश विरघळतो आणि कडवटपणामागून हलकी गोडी येते, त्यामुळे दोन तुकड्यांत मन भरते. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी आणि चॉकलेट एकत्र घेऊ नये, कारण चहाप्रमाणेच कोकोतील द्रव्येही अंगात लोह नीट मुरू देत नाहीत. म्हणून आम्ही चॉकलेट दुपारी चारला आणि गोळी रात्री जेवणानंतर, असे ठरवले. ज्यांची गर्भारपणातील साखरेची तपासणी वाढीव आली आहे, त्यांनी दोन तुकड्यांसाठीसुद्धा आधी डॉक्टरांना विचारावे.

डब्याच्या झाकणावर दुकानाचे नाव आणि फुलांचे चित्र, एवढेच. आत काय आहे ते कुठेही लिहिलेले नाही. शंका आली म्हणून फोन केला, तेव्हा दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, निळ्या कागदातल्या चारांत रम आहे, ते त्यांना देऊ नका." गरोदर बाईसाठी मद्याचे थोडेसेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, आणि फोन केला नसता तर पहिला नग तिनेच उचलला असता, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. उरलेल्यांपैकी काहींवर पांढरट थर आला होता. ती बुरशी नव्हे. कोको बटर 34 अंशांच्या सुमारास वितळते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठले की वर येऊन बसते. त्याने अपाय होत नाही, पण चॉकलेट रवाळ लागते.

मालकीणबाईंनी काहीही न लपवता सांगितले आणि डबा बदलून दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्यांनी झाकणावर घटकांची एक साधी चिठ्ठी चिकटवावी आणि रमचे नग वेगळ्या डब्यात विकावेत, अशी माझी विनंती आहे. तोवर मी त्यांच्याकडून फक्त बार घेईन.