काखेची सोनोग्राफी: सरसकट, की हाताला गाठ लागली तरच?
स्तनाच्या कर्करोगात काखेत गाठ हाताला लागली, तर प्रश्नच नाही. सोनोग्राफी करून सुईने तपासायचीच. अडतं ते काख मोकळी लागते तेव्हा.

काहींचं म्हणणं, थेट शस्त्रक्रियेत सेंटिनल ग्रंथी, म्हणजे रोग काखेत पसरताना आधी जिथे पोचतो त्या, तपासा. २०११ च्या झेड००११ अभ्यासात स्तनातली गाठ ५ सेंमीपर्यंत, स्तन राखून शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, अशा बायकांच्या एकदोन सेंटिनल ग्रंथींत रोग निघूनही बाकीच्या न काढता आयुष्य घटलं नाही. सोनोग्राफीत काही दिसलं म्हणून उगाच अख्खी काख साफ झाली, म्हणजे सगळ्या ग्रंथी काढल्या, तर हात सुजू शकतो. विळीवर नारळ खवणंही जड जातं. ही भीती खरी आहे.

तरी माझा कल सोनोग्राफीकडे. गुहागरच्या आमच्या काकूंच्या काखेत काहीच लागत नव्हतं. पडद्यावर मात्र एका ग्रंथीची कड ३ मिमीहून जाड, मधली पांढरी चरबी दबलेली. सुईत रोग निघाला. स्तनातली गाठ हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेली), त्यामुळे आधी केमो ठरली आणि मुंबईची एक फुकट खेप वाचली. उलट २०२३ च्या साउंड अभ्यासात स्तनातली गाठ २ सेंमीपर्यंत आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्यांच्या काखेला हात न लावताही पाच वर्षांत रोग दूर पसरण्याचं प्रमाण वाढलं नाही.

केमो आधी असेल, तर सोनोग्राफी तिच्याही आधी हवी. नंतर ग्रंथी आक्रसतात, मूळ चित्र हरवतं.