मळा-फोंताईन्हासचे पुढे काय? चार वाटा, शेजारी शेजारी ठेवून

पणजीच्या मळा-फोंताईन्हास या जुन्या वस्तीत ज्यांचे घर आहे, जे तिथे भाड्याने राहतात किंवा तालमीसाठी एखादी खोली शोधत फिरतात, त्यांना हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो: या भागाचे पुढे करायचे काय? प्रभागाच्या बैठकीत विचारतात, नाटकाच्या मध्यंतरात विचारतात, पोदेराची (पाववाल्याची) वाट बघत उभे असलेले दोघे एकमेकांना विचारतात. उत्तरे मात्र ठरलेली. एकजण म्हणतो ‘आहे तसे राहू द्या’, दुसरा म्हणतो ‘काहीतरी करा, नाहीतर पडेल’. दोन्ही उत्तरांनी कोणाचे छप्पर शाकारले जात नाही. म्हणून समोर खरोखर कोणते पर्याय आहेत आणि त्यात कोणाचे काय जाते, काय मिळते, ते मांडतो. मत देताना उपयोग होईल.

आधी हद्द ठरवू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ‘पणजीचा कला-परिसर’ म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरतो. एक आहे वस्ती: मळ्याचे तळे, मारुतीगडाचा पायथा, फोंताईन्हासच्या गल्ल्या, १८१८ चे सेंट सेबेस्टियनचे कपेल (छोटे चर्च), सांतोमेचा चौक. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नारळाचे भाट होते. पुढे जुने गोवे ओस पडून राजधानी पणजीला आली तशी इथे भिंतीला भिंत लावून घरे उठली. दुसऱ्या आहेत नदीकाठच्या मोठ्या सरकारी इमारती: आदिलशाही राजवाडा म्हणजे आपले जुने सचिवालय, १८४२ च्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा सांगणारे जुने गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि कांपालला चार्ल्स कुरैयांनी आखलेली कला अकादमी. विधानसभा २००० मध्ये पर्वरीला गेली, इस्पितळ बांबोळीला गेले आणि शहराच्या ऐन मध्यावर मोठमोठी दालने रिकामी झाली. वस्तीत माणसे राहतात, या इमारतींत कोणी राहत नाही. दोन्हींना एकच औषध देऊन भागणार नाही, हे माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला त्याची वजावट करता येईल.

पहिली वाट: बाजारावर सोडणे

ही सर्वांत सोपी, कारण ती चालूच आहे. जुने घर विकत किंवा लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायचे, डागडुजी करायची, वर होमस्टे, खाली कॅफे, एखाद्या खोलीत गॅलरी. या वाटेला नाके मुरडणे सोपे आहे, पण फोंताईन्हासमधली कितीतरी घरे आज उभी आहेत ती याच पैशावर. वापरात नसलेले घर गोव्याच्या पावसात फार वर्षे टिकत नाही. एक कौल सरकले की वासा भिजतो, वासा कुजला की भिंतीचे डोके उघडे पडते.

घरे रिकामी का पडतात, हे मात्र बाहेरच्याला पटकन कळत नाही. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, पण तीन पिढ्या गेल्या की एका घराला वीस-पंचवीस सह्या लागतात. एक वारस लिस्बनला, दोन मुंबईला, एक म्हापशाला, आणि एक असा की ज्याच्याशी बाकीचे बोलत नाहीत. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचा, दावा लावायचा तर वकील, वेळ आणि भावाबहिणींत धीर हवा. त्यात घरात जुना भाडेकरू असला तर १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा. जुन्या भाड्यात कौले बदलण्याचा खर्च निघत नाही म्हणून मालक हात लावत नाही, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू लावत नाही. अशा घरासमोर बाजाराचा माणूस पैसे घेऊन उभा राहतो तेव्हा तो सगळ्यांनाच देवासारखा वाटतो. त्यात नवल नाही.

तोटा हळूहळू दिसतो. आधी तळमजल्यावरचा शिंपी जातो, मग छोटे छापखाने आणि किराण्याची दुकाने. शेजारच्या घराची पायरी ही फोटोची जागा होते. लोकांनी दारावर ‘इथे फोटो काढू नका’ असे फलक लावले आहेत ते हौसेने नाहीत. जेवायला बसावे आणि खिडकीबाहेर लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाऊन फुलवून कोणी उभे असावे, हे एकदा गंमत म्हणून ठीक.

ही वाट शेवटी कुठे जाते ते पाहायचे तर मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनकडे बघा. तिथे जुन्या घरांवरचे भाडेनियंत्रण २००० साली उठले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू आणि कारागीर मोठ्या संख्येने बाहेर पडले. २००८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. मग भिंतीवरची चित्रे आली, हॉटेले आली, कॅफे आले. घरे वाचली, शेजार गेला. तिथल्या सरकारने पुढे दुरुस्तीसाठी अनुदान देणारी यंत्रणा उभी केली, पण भाडेनियंत्रण उठल्यावर आठ-नऊ वर्षांनी. आपल्याकडे १९६८ चा कायदा रद्द करा अशी मागणी मालकांकडून अधूनमधून होते. तिच्यात तथ्य आहे, पण ती एकटी मान्य झाली तर काय होते, याचे उत्तर जॉर्जटाउनने देऊन ठेवले आहे.

दुसरी वाट: सरकारी कायापालट

पणजीची स्मार्ट सिटीसाठी निवड २०१६ मध्ये झाली. त्यानंतरची खोदाई, धूळ आणि वळवलेले रस्ते यांबद्दल पणजीकराला काही सांगायला नको. पण रागाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. मळा हा सखल भाग. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडीचे पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येते. गटारे, पंप, सांडपाण्याच्या वाहिन्या हे काम कोणी होमस्टेवाला करणार नाही आणि कोणत्याही महोत्सवाच्या अंदाजपत्रकात ते बसत नाही. ते सरकारनेच करायचे. तेवढ्यापुरती ही वाट मला शंभर टक्के मान्य आहे.

बिनसते ते सरकार जमिनीखालून वर आले की. सुशोभीकरण म्हटले की पहिल्यांदा दर्शनी भिंतीला रंग. फोंताईन्हासची ओळखच रंगाची आहे, पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपला की घर रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे. पण तो रंग चुन्याचा होता, त्यात नीळ किंवा काव. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसात ओल पिते आणि ऊन पडले की सोडते. चुन्याचा गिलावा तिला ती सोडू देतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते. चतुर्थीला लखलखीत दिसणारी भिंत पुढच्या वर्षी फुगे धरते, नखाने ओढले तर हातभर पापुद्रा निघतो आणि त्याखाली चिरा भुसभुशीत झालेला असतो. चुना भिजवून, मुरवून, तीन हातांत लावणारा गवंडी आज शोधावा लागतो आणि तो महाग पडतो. निविदेत सर्वांत कमी दर भरणारा हे काम करत नाही.

कला अकादमीचा अनुभव ताजा आहेच. १९८३ मध्ये खुली झालेली ही वास्तू नूतनीकरणासाठी २०२१ पासून बंद झाली. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी सुरू झाल्या. अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात ज्यांनी शेवटच्या रांगेत बसून कुजबुजीचे संवाद ऐकले आहेत, त्यांना काय गेले ते वेगळे सांगावे लागत नाही. नाटक करणाऱ्याला विचारल्याशिवाय नाट्यगृह दुरुस्त केले की असे होते.

तिसरी वाट: महोत्सव

यावर थोडक्यात. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात आहे, सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून. डिसेंबरात जुने गोमेकॉ आणि जुने सचिवालय उजळते, देशभरातले काम पायी अंतरावर बघायला मिळते, हे मी मनापासून मानतो. २००७ मध्ये जुन्या गोमेकॉत ‘अपरांत’ हे गोव्याच्या चित्रकारांचे मोठे प्रदर्शन रणजित होस्कोटे यांनी मांडले, तेव्हा त्या दालनांत काय होऊ शकते ते पणजीने पाहिले. अडचण अशी की मंडप निघाला की दारे पुन्हा बंद.

मुंबईच्या काळा घोड्याचा दाखला इथे नेहमी दिला जातो. तिथली संस्था १९९८ ची, महोत्सव १९९९ पासून, आणि महोत्सवातून उभा राहिलेला पैसा परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला वापरला गेला. हे शिकण्यासारखे आहेच. पण काळा घोडा म्हणजे जहांगीर कलादालन, संग्रहालय, कोर्ट, बँका आणि कचेऱ्या. तिथे रात्री झोपणारे कमी. फोर्ट कोचीतही बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन) २०१२ मध्ये सुरू झाली ती ॲस्पिनवॉल हाऊससारख्या जुन्या व्यापारी वखारीत. म्हणजे दोन्हीकडे महोत्सवाला मोठी रिकामी जागा मिळाली. आपल्याकडे ती नदीकाठी आहे, फोंताईन्हासच्या बोळात नाही. महोत्सव तिथेच राहावा, गल्ल्यांत आणू नये, आणि त्याच्या उत्पन्नातला काही भाग वस्तीच्या दुरुस्तीला बांधून द्यावा.

भिंतीवरची चित्रे हा वेगळा पर्याय म्हणून मी धरलेलाच नाही. चुन्याच्या भिंतीवर तर अजिबात नकोत.

चौथी वाट: रहिवाशांचे नियम, सरकारचा पैसा

सर्वांत कष्टाची आणि म्हणूनच सर्वांत कमी बोलली जाणारी. कल्पना अशी: दर गल्लीत निवासी घरांपैकी किती घरे पाहुण्यांसाठी द्यायची याला मर्यादा, तळमजल्याचा वापर बदलायचा तर शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकणे सक्तीचे, आणि चुन्याच्या दुरुस्तीसाठी मालक व भाडेकरू दोघांनाही अर्ज करता येईल असा निधी. अहमदाबादच्या जुन्या शहरात वारसा घराचा मालक न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून दुरुस्तीचा पैसा उभा करू शकतो. पणजीत हे तसेच उचलले तर तो हक्क उतरणार कुठे? ताळगावात नाहीतर पर्वरीत, आणि तिथले लोक आधीच मेटाकुटीला आलेले. त्यामुळे इथे थेट अनुदानच बरे.

दोष लपवत नाही. समित्या भांडतात. वारसा भागातली परवानगी आधीच संथ, त्यात आणखी एक खिडकी वाढली तर लोक रात्रीत सिमेंट ओतून मोकळे होतील. ज्यांचे घर आहे ते म्हातारे, ज्यांच्यात दम आहे ते दुबईला. आणि झोन बदलून घेणे हा ज्या राज्यात जवळजवळ स्वतंत्र धंदा झाला आहे, तिथे नियम टिकेल याची हमी कोण देणार? तरीही चारांत हीच एक वाट अशी आहे जिच्यात भाडेकरूचे नाव येते.

तुम्ही कोण, त्यावर

घर तुमचे असेल आणि सह्या पूर्ण असतील, तर घाईने विकू नका. वरचा मजला स्वतःकडे ठेवून खालची खोली भाड्याने देणे हा मधला मार्ग बाजाराने दाखवलेलाच आहे, फक्त करारात गिलावा आणि रंग कशाचा हे लिहून घ्या. सह्या अपूर्ण असतील तर कोणत्याही योजनेआधी इन्व्हेंटरी. ते टाळून कोणताच पर्याय तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

भाडेकरू असाल तर चौथ्या वाटेखेरीज कुठेही तुमचा विचार नाही. बैठकीला जा. तुमच्या वतीने दुसरे कोणी बोलणार नाही.

चित्रकार, नाटकवाले, भजनी मंडळ चालवणारे असाल, तर तुमची गरज वेगळी आहे आणि ती फोंताईन्हासमध्ये भागणारी नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची तालीम आज देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या वर्गात, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये होते. मारुतीच्या जत्रेतल्या नाटकाचीही तीच कथा. तुम्हाला रंगीत बलकांव (घरापुढचा ओटा) नको आहे, रात्री साडेदहापर्यंत उघडी राहणारी, पंखा चालणारी, तासाला परवडणारी मोठी खोली हवी आहे. ती जुन्या गोमेकॉत आहे, जुन्या सचिवालयात आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिला कुलूप असते.

प्रत्यक्ष मत नोंदवताना मी अशी विभागणी मागेन: जमिनीखालचे सगळे काम सरकारने करावे, भिंतीला निविदेतून हात लावू नये. वस्तीत चौथी वाट, तिच्या मर्यादेत पहिलीला परवानगी. नदीकाठच्या इमारतींत महोत्सव राहू दे, पण प्रत्येक इमारतीतली काही दालने बारा महिने तालमी आणि कार्यशाळांसाठी राखून, दर आणि वेळ दारावर लावून. शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे, तिला ना नवा कायदा लागतो ना कोणाची सही अडते, म्हणून मत नोंदवताना ती पहिल्या क्रमांकावर लिहा.