मोटार दुरुस्ती शिकायचीय : संस्थेत की थेट गॅरेजात?

मेकॅनिक व्हायचं म्हणणारी मुलगी भेटली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ताकद पुरेल का? तो आधी निकालात काढू. साध्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण ११० न्यूटन-मीटरला आवळतात. अर्धा मीटर लांब पाना असेल तर टोकाला बावीस-तेवीस किलोचा भार पुरतो. आखूड, ३० सेंटीमीटरचा पाना घेतलास तर सदतीस किलो लागतात. नट गंजलेला असेल तर जोर जास्त हवा, पण तिथे पुरुषही दांड्याला पाइपच चढवतात. आणि गिअरबॉक्स छातीवर घेऊन कुणीच उतरवू नये, त्यासाठी जॅक असतो.

अवघड निर्णय आहे तो कुठून सुरुवात करायची याचा. मी आधी गॅरेजात उमेदवारी केली आणि नंतर प्रशिक्षण संस्थेत गेले, त्यामुळे माझा कल तुला कळेलच.

गॅरेजात हात तयार होतो. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी स्पार्क प्लग बसवायला दिला. मी थेट गोटी पाना लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. ‘आधी उलटा फिरव.’ प्लग बोटांनी हलकेच उलटा फिरवला की आटा आट्यावरून उतरतो आणि बारीक टक् लागतं. मग सुलटा, बोटांनीच, जाईल तितका. पाना सगळ्यात शेवटी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, प्लग वाकडा शिरला आणि आटे कापले गेले, की दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

संस्थेतही हे सांगतात. पण तिथे एका इंजिनाभोवती वीस जण, आणि ते इंजिन इतक्या वेळा उघडलेलं की त्याचा एकही बोल्ट जाम नसतो. खऱ्या गाडीचा बोल्ट तुटतो, आणि तो काढायला शिकणं हे निम्मं शिक्षण आहे.

मग संस्था कशाला? आमच्या गॅरेजात एक गाडी आली, इंजिनाचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. म्हणजे इंधनाच्या मानानं हवा जास्त. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरनं तसं सांगितलं होतं, म्हणून सेन्सरच बदलला. दिवा पुन्हा लागला. दुसरा बदलला, पुन्हा तेच. दोष निघाला इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, रबरी नळीत : ती चिरली होती आणि तिथून जास्तीची हवा आत जात होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता! कोड तक्रार सांगतो, कोणता पार्ट खराब ते सांगत नाही, हे मला संस्थेत कळलं. तिथे ‘का’ विचारलं तर कुणी चिडत नाही. गॅरेजात गर्दीच्या वेळी विचारून बघ.

विजेच्या गाड्यांचं काम करायचं असेल तर मात्र तुलना संपली, संस्थेतच जा. बारा व्होल्टच्या वायरिंगवर चुकून शिकता येतं. पण अनेक विजेच्या गाड्यांची बॅटरी ४०० व्होल्टच्या आसपास असते, आणि तिथे चूक जिवावर बेतते. जास्त व्होल्टची नारिंगी केबल ओळखणं, जोड तोडल्यावर ठरलेला वेळ थांबणं, मीटरनं शून्य व्होल्ट पडताळणं, इन्सुलेटेड हातमोज्यात हवा भरून भोक शोधणं, हे बघून बघून उचलायचं काम नाही.

पैशांचं सरळ आहे : संस्था फी घेते, गॅरेज थोडं विद्यावेतन देतं किंवा तेही नाही. मोठी सर्व्हिस सेंटर प्रमाणपत्र मागतात, छोटा मालक तुझे हात बघतो.

मुलगी म्हणून जो फटका बसतो तो दोन्हीकडे सारखाच, फक्त रूप वेगळं. अक्षर चांगलं म्हणून मला चार महिने जॉबकार्ड लिहायला बसवलं होतं. संस्थेत गट पडले की मुलं पाना उचलतात आणि वही आपोआप मुलीकडे येते. वही घेऊ नकोस. घ्यावीच लागली तर पाळी लाव.

हे काम आवडेल की नाही याचीच खात्री नसेल, तर आधी तीन महिने गॅरेज. खात्री असेल तर संस्था, आणि सुटीच्या दिवशी गॅरेज. नुसती संस्था मी कुणालाच सुचवणार नाही.

कुठेही जा, आधी जाऊन बघून ये. कडी लागणारं संडास आहे का, कपडे बदलायला जागा आहे का? तुझ्या मापाचे हातमोजे मिळतात का? वापरलेलं इंजिन ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर कर्करोगाचा धोका असतो, तेव्हा ढगळ मोजे काढून काम करायची सवय लागायला नको. मग मालकाला किंवा निदेशकाला विचार, ‘मागच्या महिन्यात तुमच्याकडच्या शिकाऊ मुलीनं कोणतं काम स्वतः उघडून स्वतः बंद केलं?’ ‘मागचे ब्रेक’, ‘एक क्लच प्लेट’ असं काही नेमकं ऐकू आलं तर बसून बोल. ‘ती सगळं बघते हो’ म्हणाले, तर चहा नको म्हणून उठ.