विपश्यनेचं 10 दिवसांचं शिबिर, माझा अनुभव

लातूरहून संभाजीनगरला जाऊन 10 दिवसांचं शिबिर करून आले. फी एक रुपया नाही, राहणं-जेवण सगळं दानावर चालतं, मोबाईल सुरुवातीलाच जमा. पहाटे 4 ला घंटा अन् दिवसभरात 10 तासाच्या आसपास ध्यानाला बसायचं, ते जड जातं हे आधीच सांगते. पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बस. पण मन कुठं थांबतंय, चार श्वास झाले की सोयाबीनच्या भावात नाहीतर सासूबाईंच्या गोळ्यांत, मला वाटायचं आपल्याला काही जमंना. दुपारी सहायक आचार्या होत्या त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मन पळालं हे कळलं ना, मग चिडू नका, परत श्वासावर आणा, श्वास सापडतच नसेल तर थोडा वेळ मुद्दाम जोरात घ्या. हे जोरात श्वासाचं लई कामाला आलं बघा, आता घरी पण करायलेय. गुडघे दुखतात, उशी जास्तीची मागून घ्या, देतात. अन् संध्याकाळी 5 ला चहा-मुरमुरे, रात्री जेवण नसतं, तेवढी तयारी ठेवा.