मशीनसाठी दोन लाख: दांडिया बाजारातल्या क्रेडिट सोसायटीचा अनुभव

बडोद्याला दांडिया बाजारच्या आतल्या बाजूला, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं पोळी-भाजीचं आणि फराळाचं काम चालतं. कणीक मळायचं मशीन, मोठी घरघंटी आणि दुसरी भट्टी, एवढ्यासाठी दोन लाख हवे होते. ते आमच्याच भागातल्या सहकारी क्रेडिट सोसायटीतून, म्हणजे पतसंस्थेतून काढले. सोसायटीचं नाव लिहीत नाही. कर्ज सभासदालाच मिळतं आणि सभासद व्हायला आतला कुणीतरी ओळखीचा लागतो, त्यामुळे तुम्हाला तुमच्या भागातलीच सोसायटी गाठावी लागेल. पण काय विचारायचं, कुठे नीट बघायचं, ते सगळीकडे सारखंच असतं.

आधी एका बँकेत सरकारच्या मुद्रा योजनेतल्या कर्जासाठी गेले होते. ५० हजारांपर्यंत शिशु, पुढे पाच लाखांपर्यंत किशोर, तारण लागत नाही, हे मला माहीत होतं. तिथे मात्र रिटर्न आणा, जागेचे कागद आणा आणि शिवाय गॅरंटर आणा असं सुरू झालं. तुमची शाखा नीट वागत असेल तर मुद्राच घ्या, माझा आग्रह नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तेवढी आधी करून ठेवा. ती आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका.

दुसरीकडे एक फायनान्सवाला दोन दिवसांत पैसे द्यायला तयार होता. व्याज १२ टक्के. सोसायटीचंही १२ टक्केच. इथे बायकांनी फार सावध राहायला हवं, म्हणून आकडे देते. फायनान्सवाल्याचं व्याज फ्लॅट होतं, म्हणजे तीनही वर्षं पूर्ण दोन लाखांवर. हप्ता ७,५५६ आणि एकूण व्याज ७२ हजार. सोसायटीचं व्याज उरलेल्या मुदलावर, घटत्या पद्धतीनं. हप्ता ६,६४३ आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास. दर एकच बोलला जातो आणि फरक पडतो जवळजवळ ३३ हजारांचा. फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या हिशेबानं २१ टक्क्यांच्या वर जातात. दर विचारू नका. हप्ता किती आणि किती महिने, ते विचारा आणि तिथेच गुणाकार करा.

सोसायटीची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ते काम बघायला घरी आले. मॅनेजरभाई आणि कमिटीतले एक निवृत्त मास्तर. मास्तरांनी माझी ऑर्डरची वही मागितली, दिवाळीची पानं काढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. "वहिनी, कपाशियाच्या पंधरा किलोच्या डब्यात चकली किती निघते?" कपाशिया म्हणजे सरकीचं तेल. मी सांगितलं. मग भाजणीचा भाव, मग पॅकिंग, मग उधारी कुणाकडे किती. भाईंनी विचारलं, "बेन, डब्याचे पैसे महिन्याच्या कुठल्या तारखेला येतात?" माझे डबे घेणारी बरीचशी मुलं युनिव्हर्सिटीतली. घरून पैसे आले की देतात, म्हणजे पहिल्या आठवड्यात. त्यावर भाईंनी हप्त्याची तारीख पाचची दहा केली. आजवर माझा एकही हप्ता चुकलेला नाही, त्यात त्या पाच दिवसांचा मोठा वाटा आहे. सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या पतीच्या, आकड्यावर बोट ठेवून "होत नाही" म्हणणाऱ्याला ही वही कधी दिसली नसती.

आता खटकलेलं. मंजुरी दोन लाखांची झाली, हातात आले १,८७,३००. पाच टक्के, म्हणजे दहा हजार, सोसायटीच्या शेअरमध्ये वळते केले, दोन हजार प्रोसेसिंग आणि बाकी स्टँप-फॉर्मचा खर्च. शेअरचे पैसे आपलेच राहतात, त्यावर डिव्हिडंड मिळतो आणि सभासदत्व सोडताना ते परत मिळतात, हे खरं. पण व्याज पूर्ण दोन लाखांवर लागतं आणि ही कपात चेक हातात येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. माझी भट्टी त्यामुळे मागे पडली. फॉर्म घेतानाच "हातात नक्की किती येणार?" ते लिहून मागा.

सह्या केलेले कोरे चेकही घेतात, माझे आणि दोन्ही जामीनदारांचे. चेक परत गेला तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली केस होऊ शकते, म्हणून चेक नंबरांसकट पोच घ्या. मी मागितली, आणि भाईंनी कुरकुर न करता सही-शिक्क्यासह दिली.

आणि जामीनदार. दोन हवेत आणि दोघंही सभासदच हवेत. मला नणंदेचे यजमान आणि शेजारचे शिंपीकाका मिळाले. सही करण्यापूर्वी मी दोघांना बसवून सांगितलं की माझे हप्ते थकले तर सोसायटी तुमच्याकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकते. हे सांगणं खरं तर सोसायटीचं काम. तिथे फक्त "इथे सही करा" एवढंच म्हणतात. माझ्याकडे चकली पाडायला येणारी एक बाई आहे, एकटी, हात माझ्यापेक्षा साफ. तिला स्वतःचं काम सुरू करायचंय. दोन सभासद जामीन राहायला कुणी नाही म्हणून तिला फॉर्मसुद्धा मिळाला नाही. याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी काढली, सरकारचा पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. एकमेकांच्या भरवशावर उभं राहायचं हे या गावाला कुणी शिकवायला नको. मग जिच्यामागे पुरुष नाही ती बाई दाराबाहेर का? पाच-सहा बायकांनी मिळून एकमेकींना जामीन राहावं, असा गट सोसायटीनं मान्य करायला काय हरकत आहे? सप्टेंबरच्या साधारण सभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. सभासदाला मत एकच, शेअर दहा असोत की हजार, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी जरूर यावं.

पाचपैकी चार तारे. एक जामीनदाराच्या नियमासाठी कापला.

ठेवीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. कर्ज इथून घ्या, पण आयुष्यभराची पुंजी एकाच क्रेडिट सोसायटीत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो.