मॅटप्लॉटलिब: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. मॅटप्लॉटलिब मी सोडणार नाही, पण मराठीतून आलेख काढायचे असतील तर ती जशी मिळते तशी पुरत नाही. पाइथनमधली ही लायब्ररी फुकट आहे, मुक्त परवान्याची आहे, आणि छापील आलेखाला जे जे लागते ते जवळपास सगळे तिच्यात सापडते. तिचा त्रास वेगळ्याच जागी आहे. काही बिनसले तरी ती सहसा थांबत नाही. काहीतरी काढून हातात ठेवते, आणि ते काहीतरी दिसायला आलेखासारखेच असते.

माझा वापर कसला ते सांगितले पाहिजे, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या एका कॉलेजात आम्ही पावसाच्या नोंदी, खाजन (म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल) जमिनींना लागून वाहणाऱ्या पाण्याचा खारेपणा आणि भरती-ओहोटीची पातळी यांचे आलेख काढतो. एक प्रत इंग्रजी अहवालात जाते, दुसरी मराठीत छापून गावात वाटली जाते. विद्यार्थ्यांकडे विंडोजचे लॅपटॉप, प्रयोगशाळेत मॉनिटर नसलेला एक लिनक्सचा डबा. मॅटप्लॉटलिबची आवृत्ती ३.९.

मराठीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट देजावू सान्स. त्यात देवनागरी नाही. त्यामुळे अक्षाला मराठी नाव दिले की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि खाली इशारा झळकतो की ग्लिफ (म्हणजे अक्षराची आकृती) २३५० चालू फॉन्टमध्ये नाही. २३५० म्हणजे ‘म’. इथवरचा उपाय सोपा आहे. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट बसवायचा आणि ‘फॉन्ट डॉट फॅमिली’ या सेटिंगला एकच नाव न देता यादी द्यायची, आधी देवनागरी, मग देजावू. आवृत्ती ३.६ पासून एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर ती यादीतल्या पुढच्या फॉन्टमध्ये शोधते. फॉन्ट बसवूनही चौकोन जात नसतील तर बहुधा जुनी फॉन्टयादी कॅशमध्ये पडून असते. ‘गेट_कॅशेडीर’ला विचारले की ती जागा कळते, तिथली फॉन्टलिस्टची फाइल उडवायची आणि पाइथन नव्याने सुरू करायचे. फॉन्ट संगणकावर बसवण्याची परवानगीच नसेल तर ‘अ‍ॅडफॉन्ट’ला फाइलचा थेट पत्ता देता येतो. कॉलेजच्या संगणकांवर आम्ही हेच करतो.

चौकोन गेले की खरी गंमत सुरू होते. ३.९ मधले नेहमीचे चित्रयंत्र, म्हणजे अ‍ॅग नावाचे बॅकएंड, देवनागरी जुळवत नाही. साठवलेल्या क्रमाने एकेक खूण शेजारी शेजारी मांडत जाते. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी. मॅटप्लॉटलिबला हे ठाऊक नाही. गोव्याच्या बारा तालुक्यांची नावे आडव्या अक्षावर टाकली तेव्हा पेडणे, फोंडा, मुरगाव, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा ही सात वाचता येत होती. तिसवाडीची वेलांटी सरकून ‘स’वर गेली आणि ‘तसिवाडी’ झाले. डिचोलीची ‘च’च्या डोक्यावर चढली. बार्देशचा रफार उतरून पाय मोडलेला ‘र’ झाला, सत्तरीत पाय मोडलेला ‘त’ आणि सासष्टीत पाय मोडलेला ‘ष’. कच्ची छपाई बघून गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “हो तसिवाडी खंयचो तालुको रे?” (हा तसिवाडी कुठला तालुका रे?)

धोका असा की वरवर नजर टाकणाऱ्याला आलेख मराठीत दिसतो. चौकोन असताना निदान इशारा येत होता, इथे तोही येत नाही. म्हणून तपासणीसाठी ‘पर्जन्यमान’, ‘तिसवाडी’ आणि ‘सासष्टी’ एवढे तीन शब्द शीर्षकात टाकून बघावेत. रफार, वेलांटी आणि जोडाक्षर, तिन्हींचा निकाल एका नजरेत लागतो.

यावर वाटा तीन आहेत. एमपीएलकेअरो नावाचे पर्यायी बॅकएंड रॅक्म या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे नीट जुळवते, पण ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर बसवत फिरणे मला परवडले नाही. दुसरी वाट झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची, पीजीएफ बॅकएंडमधून. प्रबंध लाटेकमध्ये लिहिणाऱ्याला ती उत्तम. बाकीच्यांना एका आलेखासाठी एवढी मोठी सामग्री उतरवायला सांगणे म्हणजे जुलूम. मी स्थिरावलो ते तिसऱ्या वाटेवर: आलेख एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-प्रकारात साठवायचा आणि ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ द्यायचे. एरवी मॅटप्लॉटलिब अक्षरांचे आकार रेषांत उतरवून टाकते. ‘नन’ दिले की मजकूर मजकूरच राहतो, आणि तो जुळवण्याचे काम फाइल उघडणाऱ्या ब्राउझरवर किंवा इंकस्केप या चित्रे काढायच्या प्रोग्रामवर पडते. ती दोघे देवनागरी बिनचूक लावतात. अट एवढीच की ज्या संगणकावर फाइल उघडायची तिथे फॉन्ट हवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एसव्हीजी चित्र म्हणून दिसत नाही, म्हणून इंकस्केपमधून पीएनजी काढूनच पुढे पाठवतो. अक्षावरचे आकडे देवनागरीत हवे असतील तर ‘फंकफॉर्मॅटर’ला अंक बदलून देणारे दोन ओळींचे फंक्शन पुरते. ते काम मात्र विनातक्रार होते.

आता माहितीचे प्रकार. इथे मॅटप्लॉटलिबला दोष द्यायचा की पांडाजला (तक्ते वाचणाऱ्या पाइथनच्या लायब्ररीला), की नोंदवही भरणाऱ्याला, हा वादाचा विषय आहे. त्रास मात्र आलेखातच दिसतो. पावसाच्या रकान्यात आकडेच आकडे असतात आणि मधेच कोणी प्रामाणिकपणे ‘निरंक’ लिहिलेले असते. त्या एका शब्दामुळे पांडाज अख्खा रकाना मजकूर धरते, आणि मॅटप्लॉटलिबला मजकूर मिळाला की ती त्याचे वर्ग पाडते. मग उभ्या अक्षावर २.४ च्या वर ११०, त्याच्या वर ३५, जसे आले तसे, सारख्या अंतरावर. रेषा सुरेख वर चढत जाते. चूक कळते ती अक्षावरच्या आकड्यांच्या गर्दीमुळे: शेकडो लेबले एकमेकांवर बसून काळा पट्टा तयार होतो. तसा पट्टा दिसला की फॉन्ट लहान करू नका, आधी ‘डीटाइप्स’, म्हणजे रकान्यांचे प्रकार, बघा.

मजकुराचे आकडे करणाऱ्या ‘टू_न्यूमेरिक’ला ‘कोअर्स’ देऊन हा प्रश्न सोडवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पावसाच्या बाबतीत तो घातक आहे. निरंक म्हणजे पाऊस शून्य. ‘कोअर्स’ त्याची गहाळ नोंद करून टाकते. रेषा तिथे तुटते आणि सरासरी फुगते. आधी ‘निरंक’च्या जागी शून्य घालावे, मग जे उरेल ते खुशाल गहाळ धरावे.

तारखांचे दुखणे याच घरातले. आपण दिवस आधी लिहितो, पांडाज मोकळ्या हाताने महिना आधी वाचते. दोनच्या आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक तारीख सुटी वाचली जायची, त्यामुळे १३ जूनपासून पुढे सगळे बरोबर आणि पहिले बारा दिवस वर्षभर विखुरलेले. १ जूनचा पाऊस ६ जानेवारीला, २ जूनचा ६ फेब्रुवारीला. जूनचे दिवस दर महिन्याच्या ६ तारखेला, जुलैचे ७ तारखेला, ऑगस्टचे ८ तारखेला. गोव्याच्या आलेखात हे लगेच पकडता येते, कारण वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जानेवारी मात्र कोरडा ठणठणीत असतो. नवी पांडाज बहुधा १३ तारखेला अडते आणि चूक सांगते. ते बरे. तरी ‘डेफर्स्ट’वर (दिवस आधी धरण्याच्या पर्यायावर) विसंबण्यापेक्षा तारखेचा साचा स्पष्ट लिहून द्यावा.

भरती-ओहोटीत वेळेचा घोळ याहून बेरका निघाला. आमचे उपकरण जागतिक वेळ नोंदवते. पांडाजमध्ये ती भारतीय वेळेत आणली आणि आलेख काढला की अक्ष बरोबर येतो. पण तास-मिनिटे नीट दिसावीत म्हणून स्वतःचा ‘डेटफॉर्मॅटर’ लावला आणि त्याला वेळक्षेत्र दिले नाही, तर तो मॅटप्लॉटलिबचे मूळ वेळक्षेत्र घेतो, म्हणजे पुन्हा जागतिक वेळ. फरक साडेपाच तासांचा. आपल्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तास असतात, म्हणजे आलेखावर भरतीच्या वेळेला जवळपास ओहोटीच दिसते. मानशीचे (खाजनाच्या बांधातल्या पाणदाराचे) दार कधी उघडे असते हे ज्याला पाठ आहे तो शेतकरी असा आलेख बघून हसतो. फॉर्मॅटर आणि (खुणांच्या जागा ठरवणारा) लोकेटर, दोघांनाही ‘टीझी’, म्हणजे वेळक्षेत्र, द्या.

“सर, नोटबुकात पूर्ण दिसतं, फाइलीत लेबल कापलं जातं,” ही तक्रार विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक येते. कारण ज्युपिटरचे (कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या नोटबुकाचे) इनलाइन बॅकएंड चित्र दाखवताना मजकुराला धरून कडा आपोआप जुळवते. ‘सेव्हफिग’, म्हणजे फाइल साठवणारी आज्ञा, तसे करत नाही, ठरलेल्या मापाची चौकट कापते. ‘सेव्हफिग’ला ‘बीबॉक्स_इंचेस’ म्हणून ‘टाइट’ दिले तर लेबल वाचते, पण प्रत्येक चित्राचे माप वेगळे येते आणि अहवालात ती एकाखाली एक लावताना ओबडधोबड दिसतात. त्यापेक्षा आकृती तयार करतानाच ‘लेआउट’ला ‘कन्स्ट्रेन्ड’ द्यावे. मापे इंचांत असतात, मुळात ६.४ बाय ४.८. छपाईच्या रकान्याची रुंदी मोजून तेच माप आधी दिले की फॉन्टचे आकारही छापल्यावर ठरल्याप्रमाणे येतात. चित्र मोठे काढून वर्डमध्ये दाबून बसवण्याची सवय सुटली पाहिजे.

‘शो’नंतर, म्हणजे चित्र खिडकीत दाखवल्यानंतर, ‘सेव्हफिग’ केल्यावर कोरी फाइल मिळणे हा जुना प्रकार. खिडकी बंद होताच आकृती संपते आणि पायप्लॉट, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा आज्ञासंच, निमूटपणे नवी कोरी आकृती साठवते. क्रम उलटा करा, किंवा आकृती नावाने धरून तिच्यावरच ‘सेव्हफिग’ चालवा. मॉनिटर नसलेल्या डब्यावर ‘शो’ लिहूच नये.

या ‘चालू आकृती’च्या खेळामागे इतिहास आहे. जॉन हंटर हे मज्जातंतूशास्त्राचे अभ्यासक होते. मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी त्यांनी ही लायब्ररी लिहायला घेतली, २००३ मध्ये ती बाहेर आली, आणि मॅटलॅब या गणिती प्रोग्रामच्या सवयीच्या लोकांना घरच्यासारखे वाटावे अशी तिची भाषा ठेवली. पायप्लॉटला कोणती आकृती चालू आहे हे मनात धरून ठेवण्याची खोड तिथून आली. हंटर २०१२ मध्ये गेले; पुढे काम स्वयंसेवकांनी चालू ठेवले. आज ही पद्धत आणि आकृती नावाने धरून काम करण्याची पद्धत, दोन्ही सुखाने नांदतात, आणि इंटरनेटवरची निम्मी उत्तरे एकीत सुरू होऊन दुसरीत संपतात. नवशिक्याला मी पहिल्याच दिवशी ‘सबप्लॉट्स’पासून सुरुवात करायला लावतो. आकृती आणि अक्ष हातात असले की अर्धे गोंधळ होतच नाहीत. केंद्रागणिक आलेख काढणाऱ्या फेऱ्यांमध्ये तर हे हवेच, कारण प्रत्येक आकृती ‘क्लोज’ केली नाही तर ती मेमरीत बसून राहते. विसाच्या पुढे आकृत्या उघड्या राहिल्या की इशारा येतो. तो दाबण्याची सेटिंग आहे, ती वापरू नका.

आवृत्त्यांचा जाच मध्यम. जुन्या पुस्तकी कोडमधल्या ‘सीबॉर्न’ या रंगरूपाच्या शैलींची नावे ३.६ मध्ये बदलली, ३.८ मध्ये जुनी गेली. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीची आवृत्ती २ आल्यावर जुन्या नमपायसाठी बांधलेली मॅटप्लॉटलिब आयात होतानाच कोसळते. उपाय म्हणजे नवे कोरे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरती वेगळी पाइथनची मांडणी), दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. आणि आयात विचित्र कारणाने अडली तर आधी फोल्डर बघा. स्वतःच्या फाइलीला ‘मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय’ नाव देणारा विद्यार्थी दर वर्गात असतो, आणि पाइथन मूळ लायब्ररी सोडून तीच फाइल उघडते.

प्लॉटली ही दुसरी आलेख-लायब्ररीही वापरून पाहिली. ती ब्राउझरात चित्र काढते, त्यामुळे तिसवाडी पहिल्या फटक्यात तिसवाडी येते. पडद्यावर दाखवायला, बोट ठेवून आकडा वाचायला ती सरस आहे. पण छापील पानाच्या मापात, एकाखाली एक तीन पट्ट्या, पाऊस वरून खाली लटकणारा आणि खाली खारेपणाची रेषा, असा आलेख मला मॅटप्लॉटलिबमध्येच कमी कटकटीत जमतो. इंग्रजी अहवाल एवढेच काम असेल तर डोळे झाकून घ्या. मराठी छापायचे असेल तर इंकस्केप त्याच दिवशी उतरवून ठेवा.