स्लॉट कार ‘ट्यून करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेत अडकवून, खाचेच्या दोन बाजूंच्या रुळांमधून मिळणाऱ्या विजेवर पळणारी छोटी गाडी. पुण्यात हा छंद असलेले लोक कमी आहेत. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, दुरुस्ती करणारा माणूस शोधून सापडत नाही. म्हणून कोणी ‘मी गाडी ट्रॅकप्रमाणे ट्यून करून देतो’ म्हटलं की त्याचा नंबर लगेच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माझ्या गाड्यांचं काय झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण हाच माणूस अजूनही कोथरूड-कर्वेनगर भागात गाड्या घेतो आहे असं मला दोघांकडून कळलं.

माझ्याकडे मामांनी इंग्लंडहून वेळोवेळी आणलेल्या स्कॅलेक्सट्रिक या कंपनीच्या 1/32 प्रमाणातल्या चार गाड्या होत्या. ट्रॅक मात्र कॅरेराचा, एका ओळखीच्या कुटुंबाकडून घेतलेला अ‍ॅनालॉग संच. स्कॅलेक्सट्रिक 1957 साली इंग्लंडमध्ये सुरू झालं, कॅरेरा 1963 साली जर्मनीत. दोघांच्या ट्रॅकची मापं वेगळी आहेत. स्कॅलेक्सट्रिकच्या दोन खाचांमधलं अंतर 78 मिलिमीटर, कॅरेराचं 99. 1/24 च्या मोठ्या गाड्याही मावाव्यात म्हणून कॅरेराचा ट्रॅक रुंद केलेला आहे. खाच जास्त खोल आहे आणि रूळ स्टेनलेस स्टीलचे आहेत. त्यामुळे एका कंपनीची गाडी दुसरीच्या ट्रॅकवर ठेवली तर ती धावते, पण अडखळते, वळणावर बाहेर फेकली जाते, मध्येच वीज तुटून थांबते. हे नीट करता येतं. त्याला मेहनत लागते, जादू लागत नाही.

एका परिचितानं या गृहस्थाचा नंबर दिला. त्याच्या घरी गेलो तेव्हा टेबलावर ट्रॅक मांडलेला होता, शेजारी बारीक स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, टायरचे डबे. बोलणं गोड आणि माहितीनं भरलेलं. “काका, ब्रिटिश गाडी जर्मन ट्रॅकवर तशीच चालणार नाही. गाइड, वायरिंग, मॅग्नेट, सगळं बघावं लागेल,” तो म्हणाला. गाइड म्हणजे खाचेत उतरणारा प्लास्टिकचा तुकडा, आणि मॅग्नेट गाडीला रुळाकडे ओढून धरतं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. मग त्यानं स्वतःची एक गाडी जोरात पळवून दाखवली. ती वळणांवर रुळाला चिकटल्यासारखी गेली. “ही पण अशीच आलेली, काका. आता बघा.”

दर गाडीमागे 2,500 रुपये ठरले. चारही गाड्यांचे मिळून 10,000, त्यातले 6,000 आगाऊ यूपीआयनं. पावती मागितल्यावर “आपल्यात कशाला पावती, मेसेज आहे की” असं उत्तर मिळालं. गाड्या परत घेताना त्यानं पुन्हा त्याच टेबलावर त्या पळवून दाखवल्या. चारही छान धावल्या. उरलेले पैसे दिले आणि घरी आलो.

घरी पहिल्याच वळणाला पोर्शे ट्रॅकबाहेर गेली. मिनी तर सरळ रस्त्यावरही डुलत होती. फोन केल्यावर तो म्हणाला, माझ्या ट्रॅकवर धूळ आहे, रूळ काळवंडलेत. मग रूळ पुसण्याचं एक द्रावण त्याच्याकडून 900 रुपयांना आणलं. तरीही गाड्या तशाच. त्यानंतर तो म्हणाला, “काका, मग सेकंड लेव्हल ट्यूनिंग करावं लागेल,” आणि आणखी पैसे मागितले.

तेव्हा मी गाड्या आमच्या शेजारच्या काकांना दाखवल्या. त्यांनी सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये केली, आणि लहानसहान यंत्रं उघडून बघायची त्यांना फार आवड. त्यांनी काचेच्या तुकड्यावर एक गाडी ठेवली. एक चाक काचेला टेकतच नव्हतं. मग मागचे टायर भिंगातून दाखवले. टायरच्या मधोमध साच्याची बारीक शिवण तशीच होती. टायर घासून गोल केला असता तर ती पहिल्या मिनिटात नाहीशी झाली असती. म्हणजे टायरला हातही लावलेला नव्हता.

मग गाडीचा तळ उघडला. आतलं जुनं मॅग्नेट काढून त्याजागी एक जाड, फार ताकदीचं निओडिमियम मॅग्नेट चिकटवलं होतं. एवढंच ‘ट्यूनिंग’. त्याच्या टेबलावरचा ट्रॅक स्कॅलेक्सट्रिकचा होता आणि त्याचे रूळ चुंबकाला जोरात ओढतात. कॅरेराचे स्टेनलेस स्टीलचे रूळ तेवढं ओढत नाहीत. म्हणून तिथे चिकटून धावणारी गाडी माझ्या घरी फेकली जात होती. गाडीत काही सुधारलेलंच नव्हतं. त्याचा ट्रॅक आणि तो चुंबक मिळून मला दाखवण्यापुरतं काम करत होते. ही युक्ती समजून घ्या. हा विषय अर्धवट माहीत असलेला कोणीही माणूस यात फसेल, कारण डोळ्यांसमोर गाडी खरोखर छान धावते.

पुढे जे निघालं त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. दोन गाड्यांमध्ये स्कॅलेक्सट्रिकची डिजिटल चिप होती. डिजिटल ट्रॅकवर एकाच खाचेत अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, त्यासाठी ही चिप लागते; अ‍ॅनालॉग ट्रॅकवर एका खाचेत एकच गाडी चालवतात. ती जागा रिकामी, तारा थेट जोडलेल्या. विचारल्यावर उत्तर आलं, “कॅरेरावर ती चिप चालत नाही काका, म्हणून बायपास केली. खराब होती, टाकून दिली.” कॅरेराची डिजिटल पद्धत वेगळी आहे आणि स्कॅलेक्सट्रिकची चिप तिथे बोलत नाही, हे खरं. पण माझा ट्रॅक अ‍ॅनालॉग आहे आणि स्कॅलेक्सट्रिकची चिप असलेली गाडी अ‍ॅनालॉग ट्रॅकवर धावते. चिप काढायचं कारणच नव्हतं. शिवाय काढली तर ती माझी वस्तू होती, ती मला परत द्यायला हवी होती. मोटरींचीही तीच गत. मामांनी पाठवलेल्या जुन्या फोटोंमध्ये गाड्यांचे तळ उघडे दिसतात आणि मोटरीवरचा छाप वाचता येतो. आता आत बसवलेल्या मोटरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत खेळण्यांसाठी मिळतात तशा, छाप नसलेल्या होत्या.

खरं काम काय असतं ते शेजारच्या काकांबरोबर बसून शिकलो. ते इथे लिहितो, म्हणजे कोणी कामाची यादी सांगायला लागला तर तुम्हाला ती पडताळता येईल. गाडीच्या पुढे खाली येणारा प्लास्टिकचा गाइड खाचेत पूर्ण उतरला पाहिजे. पुढची चाकं ट्रॅकला जेमतेम टेकावीत, गाइडला उचलून धरू नयेत. वीज घेणाऱ्या तारेच्या जाळीदार पट्ट्या रुळावर सपाट बसाव्यात आणि टोकाला किंचित पसरलेल्या असाव्यात. त्या फार खाली वाकवल्या तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि गाइड वळणावर निसटतो. गाडी उलट्या दिशेनं धावत असेल तर गाइडच्या दोन तारा आलटून पालटून लावायच्या, याला पैसे पडत नाहीत. मागचे टायर रिंगला चिकटवून, कमी वेगात पॉलिश पेपरवर फिरवत गोल करायचे. या एका कामानं आमच्या मिनीचं डुलणं जवळजवळ संपलं. चाकांच्या दांड्याची बुशं (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) सैल असतील तर बारीकसा गोंद, गिअरच्या दातांमध्ये केसाइतकी मोकळीक, तेलाचा एकच थेंब. बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, थोडे सैल ठेवायचे, म्हणजे वरचं कवच हलतं आणि चाकं जमिनीवर राहतात. वजन हवं असेल तर शिशाच्या पट्ट्या तळाशी, जितक्या खाली जातील तितक्या. आणि हे सगळं मॅग्नेट काढून तपासायचं. मॅग्नेटशिवाय गाडी नीट धावली तरच ट्यूनिंग झालं असं माना.

म्हणून माझी विनंती आहे की गाडी देण्याआधी तळ उघडून मोटर, चिप, मॅग्नेट, टायर यांचे जवळून फोटो काढा. मोटरीच्या बाजूला सुईनं बारीक खूण करा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत हवा, हे मेसेजवर लिहून घ्या. पूर्ण पैसे तुमच्या घरी, तुमच्या ट्रॅकवर, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर गाडी धावल्यावरच द्या. कॅरेराचा ट्रान्सफॉर्मर 14.8 व्होल्टचा असतो. दुसऱ्याच्या टेबलावर किती व्होल्ट सोडले आहेत ते बघून कळत नाही. ‘माझ्याकडेच चेक करू, तुमच्याकडे यायला वेळ नाही’ असं कोणी म्हणालं तर गाड्या घेऊन परत या.

तक्रारीबद्दल विचारणाऱ्यांसाठी सांगतो. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आधी नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. यूपीआयची नोंद, मेसेज, जुने आणि नवे फोटो, सगळं जोडलं आहे. पोलीस चौकीतही अर्ज दिला, कारण चिप आणि मोटरी काढून घेणं हा नुसता वाईट कामाचा प्रश्न नाही. चौकीतल्या हवालदारांना आधी ‘खेळण्यातली गाडी’ वाटली. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांनी अर्ज नीट वाचला आणि पोच दिली. अर्ज दिल्याचं कळल्यावर त्या गृहस्थानं 4,000 रुपये परत पाठवले. चिप आणि मोटरी अजून आलेल्या नाहीत.

यातल्या एका चिपच्या तारेवर मामांनी हिरवी नळी चढवली होती आणि तिच्या प्लास्टिकचा एक कोपरा तुटलेला आहे. पुण्यात कोणाला जुनी म्हणून अशी चिप विकायला आली, तर घेण्याआधी विकणाऱ्याला ती कुठून आली ते विचारा आणि मला कळवा.